निळ्या पाण्याचा जनरल

डिसेंबर १९८२मध्ये स्टॉकहोमला नोबेल स्वीकारताना गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशहांची एक वरातच श्रोत्यांपुढून काढली. तुटलेल्या पायाचा थाटामाटात अंत्यविधी करणारा मेक्सिकोचा सांता आन्ना त्यात होता. मेल्यावरही गणवेश चढवून अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलेला एक्वादोरचा गार्सिया मोरेनो होता. आणि त्यांच्या मागोमाग एल साल्वादोरचा जनरल माक्सिमिलियानो एर्नांदेस मार्तिनेस. थिऑसॉफीचा उपासक, अन्नातलं विष ओळखण्यासाठी लोलक बनवणारा, लाल तापाची साथ हटवण्यासाठी रस्त्यावरच्या दिव्यांना लाल कागद गुंडाळायला लावणारा आणि तीस हजार शेतकऱ्यांची कत्तल करवणारा.

या यादीत एक धोका आहे. वाचणारा लोलकावर आणि लाल कागदावर अडकतो, कत्तल त्यांच्या रांगेत जाऊन बसते आणि तीही एखाद्या चक्रम माणसाची लहर वाटू लागते. मार्तिनेस विक्षिप्त होता, याबद्दल वादच नाही. देशात त्याला ‘एल ब्रूहो’, म्हणजे मांत्रिक, म्हणत. पण मांत्रिक म्हणून कुणी एखाद्या देशावर साडेबारा वर्षं राज्य करत नाही. तो टिकला तो हिशेबी होता म्हणून, आणि त्याच्या हिशेबाची सगळी आकडेमोड कॉफीत होती.

एल साल्वादोर म्हणजे पॅसिफिकच्या काठावरचा, जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरचा देश. १९३०च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १४ लाख. ज्वालामुखींच्या उतारांवरची काळी, भुसभुशीत माती कॉफीला फार मानवते. पण तिथल्या बऱ्याच जमिनी गावांच्या आणि आदिवासी जमातींच्या सामाईक मालकीच्या होत्या. १८८१ आणि १८८२ अशी लागोपाठ दोन वर्षं सरकारने कायदे करून ही सामाईक मालकीच मोडीत काढली. पन्नास वर्षांत उतारांवर कॉफीचे मळे उभे राहिले आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे मका पिकवला होता ते हंगामी मजूर झाले. निर्यातीतले नव्वद टक्क्यांहून अधिक पैसे कॉफीतून येत. हा पैसा ज्यांच्याकडे जाई त्यांना देशात ‘चौदा घराणी’ म्हणतात. प्रत्यक्षात ती चौदाहून जास्त होती, पण लोकांनी धरलेला आकडा चौदाच. १९२९नंतर जगभर कॉफीचे भाव कोसळले. काही मळेवाल्यांनी पीक झाडावरच सोडलं, मजुरी निम्म्यावर आणि त्याहूनही खाली आली.

मार्तिनेस या चौदा घराण्यांतला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत सान मातियास या खेड्यात सामान्य घरात तो जन्मला, ग्वाटेमालाच्या लष्करी शाळेत शिकला आणि एकेक पायरी चढत जनरल झाला. दारू नाही, मांस नाही, पैसे खाल्ल्याची कुजबुज नाही. मध्य अमेरिकेतल्या जनरलांच्या मानाने हे सगळंच अजब होतं.

आणि ती थिऑसॉफी. मराठी वाचकाला या ठिकाणी थोडं थबकावंसं वाटेल, कारण ही विचारधारा सान साल्वादोरला पोहोचली ती आपल्या गिरगावावरून वळसा घालून. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली थिऑसॉफिकल सोसायटी काढणारे मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्याच वर्षी मुंबईतून सुरू झालं. तीन वर्षांनी बिऱ्हाड मद्रासजवळच्या अड्यारला गेलं आणि तिथून कर्म, पुनर्जन्म, शाकाहार असा सगळा ऐवज पुस्तकांच्या गाठोड्यातून जगभर गेला. लॅटिन अमेरिकेतल्या सुशिक्षितांना त्याची मोठी भुरळ पडली. मार्तिनेस रंगीत बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवी आणि ते औषध म्हणून देई. आपल्याकडे सूर्यकिरण चिकित्सेच्या नादाला लागलेला एखादा आजोबा ज्यांच्या घरात होऊन गेला, त्यांना हे चित्र नवं वाटणार नाही. त्याचा एक मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. डॉक्टरांऐवजी वडिलांनी निळ्या पाण्यावर भिस्त ठेवली, असं सांगतात. माणसापेक्षा मुंगी मारणं मोठं पाप, कारण माणूस पुन्हा जन्माला येतो, हे त्याच्या नावावर फिरणारं वाक्य तर त्याच्या प्रत्येक चरित्रलेखात असतं.

पण सगळं खापर या विचारावर फोडणाऱ्यांनी त्याच शहरातले आणखी दोन थिऑसॉफिस्ट पाहावेत. आल्बेर्तो मासफेरेर हा पत्रकार-विचारवंत त्याच झऱ्याचं पाणी प्यायलेला. त्यातून त्याने ‘किमान जगणं’ हा सिद्धान्त मांडला: प्रत्येकाला अन्न, घर, काम, शिक्षण, न्याय एवढं तरी मिळालंच पाहिजे. दुसरा कथाकार सालार्रुए. खेडुतांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर आणणारा हा लेखक १९३२नंतर देशभक्तीच्या आरोळ्यांपासून लांब राहिला. एकच शिकवण तिघांनी घेतली. एकाने तिच्यातून भाकर काढली, एकाने गोष्ट, आणि एकाने कत्तलीनंतरची शांत झोप.

मासफेरेरने ज्याच्यासाठी प्रचार केला तो मळेवाला अभियंता आर्तुरो आराउहो १९३१च्या जानेवारीत निवडून आला. त्या काळात त्या देशात इतकी मोकळी निवडणूक झालीच नव्हती. मार्तिनेस त्याच्याबरोबर उपाध्यक्ष झाला, शिवाय युद्धमंत्रीही. आराउहोचा कारभार भोंगळ होता, तिजोरी रिकामी होती आणि अधिकाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. २ डिसेंबरला तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला, आराउहो पळाला आणि दोन दिवसांत खुर्ची उपाध्यक्षाकडे आली. या कटात मार्तिनेसचा हात किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. फळ कुणाला मिळालं, यावर भांडण नाही.

पुढच्या काही आठवड्यांत जे झालं, त्यावरच त्याची पुढची सगळी कारकीर्द उभी आहे.

जानेवारी १९३२च्या पूर्वार्धात नगरपालिका आणि विधानसभेच्या निवडणुका झाल्या. अवघ्या दोन वर्षांच्या कम्युनिस्ट पक्षाला भाग घेऊ दिला, पण जिथे त्याचा जोर होता तिथली मतदानं गुंडाळली गेली. पक्षाने उठावाची तारीख ठरवली. ती आधीच फुटली आणि नेता आगुस्तिन फाराबुंदो मार्ती दोन विद्यार्थी सहकाऱ्यांसह पकडला गेला. तरी २२ जानेवारीच्या रात्री पश्चिमेकडच्या कॉफीपट्ट्यात हुआयूआ, नाउइसाल्को, इसाल्को, ताकूबा या गावांत हजारो शेतमजूर कोयते घेऊन बाहेर पडले. त्यांच्यात पिपिल आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांनी नगरपालिका आणि तारघरं ताब्यात घेतली, दुकानं लुटली, काही खूनही केले. हुआयूआत एक श्रीमंत इटालियन कॉफी व्यापारी मारला गेला. उठाववाल्यांनी मारलेल्यांची संख्या बहुतेक अभ्यासक शंभरापर्यंतच धरतात.

तीन दिवसांत सैन्याने सगळी गावं परत घेतली. उठाव तिथेच संपला होता. त्यानंतर सुरू झालं ते सूड या शब्दातही मावत नाही, कारण सुडाला निदान गुन्हेगार ओळखावा लागतो. जनरल होसे तोमास काल्देरोनची पथकं गावोगाव फिरली. ज्याच्याकडे कोयता तो बंडखोर, असं ठरलं. आणि शेतमजुराच्या घरी कोयता नसेल तर तो पोट कशावर भरणार? आदिवासी चेहरा, शेतकऱ्याचा पांढरा सुती पोशाख, एवढं पुरे होतं. पुरुषांचे अंगठे पाठीमागे एकमेकांना बांधून त्यांना ओळीने उभं केलं जाई. इसाल्कोत लोकांना ओळखपत्रं देण्याच्या नावाखाली बोलावून गोळ्या घातल्या. फेलिसियानो आमा हा तिथल्या आदिवासींचा प्रमुख. जमीन गमावलेला, धार्मिक बंधुमंडळाचा मानकरी. त्याला मारहाण करून गावात भरचौकात फासावर दिलं आणि शाळेतल्या मुलांना ते पाहायला उभं केलं. १ फेब्रुवारीला राजधानीत मार्तीला गोळ्या घातल्या. मिगेल मार्मोल नावाचा एक चांभार कम्युनिस्ट मात्र गोळीबारातून प्रेतांच्या ढिगाखाली जिवंत राहिला. पुढे कवी रोके दाल्तोनने त्याची हकिगत शब्दबद्ध केली म्हणून आतला तपशील आपल्याला कळतो.

मेले किती? दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंदाज आहेत. १४ लाखांच्या देशात खालचा आकडा धरला तरी पश्चिमेकडच्या काही गावांत कर्ते पुरुष उरले नव्हते, एवढं त्यावरून कळतं. त्या हत्याकांडाला साल्वादोरमध्ये नुसतं ‘ला मातान्सा’, कत्तल, म्हणतात. वाचलेल्यांनी बायकांचे पारंपरिक घागरे टाकले आणि मुलांशी नाउआत भाषेत बोलणं थांबवलं. आज ही भाषा नीट बोलणारी माणसं मोजकी आहेत आणि बहुतेक म्हातारी.

हे सगळं करवणारा मार्तिनेस म्हणजे नुसता लाल कागदवाला वेडा नव्हे. मळेवाल्या घराण्यांशी त्याने एक रोकठोक सौदा केला. देशाची खुर्ची लष्कराकडे, देशाची जमीन तुमच्याकडे, आणि शेतमजूर पुन्हा कधी उठणार नाही याची हमी आमची. अर्थकारणात तो चोख होता. १९३२मध्येच कर्जफेडीला स्थगिती देऊन त्याने कर्जात बुडालेले मळे वाचवले. १९३४मध्ये मध्यवर्ती बँक काढली, कोलोन हे चलन डॉलरला अडीच या भावाने बांधलं. तो भाव पुढे अर्धशतक टिकला. १९३५मध्ये मध्य अमेरिका व कॅरिबियन क्रीडास्पर्धा राजधानीत भरवल्या. लेम्पा नदीवरचा कुस्कात्लान झुलता पूल १९४२मध्ये उभा राहिला. त्याचे भक्त आजही हा पूल आणि खात्यांतली शिस्त दाखवतात. पुलाचं सांगायचं तर तो १९८४च्या पहिल्याच दिवशी गनिमांनी उडवला, आणि ते गनीम मार्तीचं नाव लावत.

परराष्ट्र धोरणात त्याला तत्त्व असं नव्हतंच. बंडखोरीने आलेल्या सरकारांना मान्यता न देण्याचा १९२३चा करार होता, म्हणून अमेरिकेने त्याला दोन वर्षं ताटकळत ठेवलं. शेवटी १९३४च्या जानेवारीत मान्यता दिली. त्याच वर्षी त्याने जपानच्या कळसूत्री मांचुकुओला मान्यता दिली. जपानखालोखाल तसं करणारा पहिला देश एल साल्वादोर. १९३८मध्ये लष्करी शाळेच्या प्रमुखपदी एक जर्मन जनरल बसवला आणि पर्ल हार्बरनंतर आठवड्याभरात जपान-जर्मनीविरुद्ध युद्धही पुकारलं. युद्धाच्या काळात त्याच्याच राजवटीचा जिनिव्हातला वाणिज्यदूत, कर्नल होसे कास्तेयानोस, हजारो ज्यूंना साल्वादोरी नागरिकत्वाचे दाखले वाटत होता. पण त्याचं श्रेय जनरलला देता येणार नाही.

शेवटी नडला तो खुर्चीचा मोह. १९३९मध्ये नवी राज्यघटना करून त्याने मुदत वाढवली, १९४४मध्ये पुन्हा वाढवली. एव्हाना मध्यमवर्ग तर वैतागलाच होता, कॉफीवाल्यांतलेही अनेक जण फिरले होते. २ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, हवाई दल आणि एक पायदळ रेजिमेंट उठली. मार्तिनेस त्या दिवशी समुद्रकाठी ला लिबेर्ताद बंदरात होता. साध्या मोटारीतून, बंडखोरांच्या डोळ्यांदेखत, तो राजधानीत परतला आणि पोलीस मुख्यालयात जाऊन बसला. बंडखोरांच्या विमानांचे बॉम्ब त्या इमारतीऐवजी शहरातल्या वस्तीत पडले. दोन दिवसांत बंड संपलं आणि आठवड्याभरात अधिकाऱ्यांना भिंतीशी उभं करणं सुरू झालं.

इथे त्याचा हिशेब चुकला. १९३२मध्ये त्याने मारलेल्यांना शहरात कुणी ओळखत नव्हतं. या वेळचे मेलेले कुणाचे वर्गमित्र होते, कुणाचे भाचे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हत्यार न उचलता फक्त काम थांबवायचं ठरवलं. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टर, औषधवाले, वकील, बँकेतले कारकून, रेल्वेवाले एकामागून एक घरी बसले. बाजार बंद, सिनेमे बंद, अखेर सरकारी कचेऱ्याही ओस. रोजंदारीवाल्यांची चूल पेटावी म्हणून व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. आपल्याकडच्या हरताळाची आठवण व्हावी असं हे सगळं. ७ मे रोजी पोलिसाच्या गोळीने होसे राइट अल्काइने हा सतरा वर्षांचा मुलगा मेला. तो अमेरिकन नागरिक आणि बड्या घरचा. अंत्ययात्रेला शहर लोटलं, अमेरिकन राजदूत अध्यक्षांना भेटायला गेला, मंत्रिमंडळ राजीनामे देऊन मोकळं झालं. ८ मेच्या संध्याकाळी जनरलने रेडिओवरून पायउतार होण्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांनी सीमा ओलांडून ग्वाटेमालात गेला. तिथला हुकूमशहा होर्हे उबिको हा त्याचा शेजारी. दोन महिन्यांच्या आत तोही गेला.

म्हणून ‘निःशस्त्र जनतेचा विजय’ अशी जी आरती या प्रसंगाची गायली जाते, तिच्यात मी अर्धाच सामील होतो. मांत्रिक गेला, सौदा राहिला. त्याच ऑक्टोबरात पोलीसप्रमुख ओस्मिन आगिर्रेने सत्ता बळकावली. काही किरकोळ खंड सोडले तर १९७९पर्यंत खुर्चीत गणवेशच बसला, आणि त्यानंतर बारा वर्षांच्या यादवीत सुमारे ७५ हजार माणसं मेली. त्या यादवीच्या दोन्ही बाजूंनी नावं १९३२मधूनच उचलली. डाव्यांनी फाराबुंदो मार्तीचं, आणि उजव्यांच्या एका मारेकरी टोळीने माक्सिमिलियानो एर्नांदेस मार्तिनेसचं.

स्वतः मार्तिनेस होंडुरासमध्ये दान्लीजवळच्या आपल्या शेतावर म्हातारा झाला. मे १९६६मध्ये तिथे त्याच्याच मोटारचालकाने त्याला भोसकून मारलं. ज्या इसाल्कोत आमाला लटकवलं, तिथल्या सामूहिक दफनभूमीवर आदिवासी दर २२ जानेवारीला जमतात. २०१४मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन देशात आदिवासी आहेत हे पहिल्यांदा घटनेने मान्य केलं. १९३२च्या जुलैमध्ये विधानसभेने दडपशाहीत भाग घेतलेल्या सगळ्यांना माफी देणारा ठराव केला होता. त्या कत्तलीसाठी जनरलवर एकही खटला कधी चालला नाही.