रक्तदाब : वारसा आणि मीठ

‘रक्तदाब आमच्या घराण्यांतच आहे, मीठ सोडून काय होणार?’ असें कांहीं जण म्हणतात. १९६२ सालीं अमेरिकेंत लुईस डाल यांनीं उंदरांचे दोन वंश निपजविले. खारट अन्नानें एका वंशाचा रक्तदाब चढला. दुसऱ्याचा फारसा चढला नाहीं. मनुष्यासही वारशानें पुष्कळदां रोग नव्हे, तर मिठापुढची ही दुर्बलताच लाभते. मूत्रपिंडांना जादा मीठ त्वरित बाहेर टाकतां येत नाहीं. तें पाणी धरून ठेवतें आणि दाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढानें दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें. त्यांत लोणच्या-पापडांतलेंही आलें. वारसा बदलत नाहीं, पण ताटाची डावी बाजू आपल्या हातीं आहे. म्हणून असा वारसा असणाऱ्यानेंच ती आधीं आवरावी.