मंडी मोहल्ल्यातून थेट युद्धनौकेवर

म्हैसूरला समुद्र नाही, पण समुद्राला म्हैसूर चांगलं ठाऊक आहे. 1957 साली आपल्या नौदलात आलेल्या क्रूझरचं नावच ‘म्हैसूर’, आणि बोधचिन्हावर आपला दोन डोक्यांचा गंडभेरुंड! आधी ही ब्रिटिशांची ‘नायजेरिया’ होती. जून 1941 मध्ये ‘लाउएनबुर्ग’ हे जर्मन हवामान-जहाज पकडणाऱ्या ताफ्यात ती होती. त्या जहाजावर सापडलेल्या कागदांमुळे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडायला मोठी मदत झाली. 1971 च्या युद्धात हीच आपल्या पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. 1985 मध्ये ती निवृत्त झाली. 1999 पासून तेच नाव मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली विनाशिका मिरवते आहे.

ती जुनी क्रूझर आता पाहायला मिळणार नाही. पण म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या घराला आजी-आजोबांसकट, पोराटोरांसकट युद्धनौका आतून पाहायची असेल, तर त्यासाठी राज्याबाहेर जायला नको. कारवार गाठा.

तिथल्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर वाळूत उभी आहे ‘आयएनएस चपल’. (किनाऱ्याला हे नाव उगीच नाही. थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहिले होते.) सोव्हिएत बनावटीची ही क्षेपणास्त्र नौका जेमतेम साडेअडतीस मीटर लांब, पण हिच्या पोटातली इंजिनं पाहून गाडीवेड्या मुलांचे डोळे विस्फारतील. घरच्या मोटारीला सिलिंडर चार. हिच्या एकेका डिझेल इंजिनाला छप्पन, आणि अशी इंजिनं तीन! म्हणूनच ती ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावायची. डेकवर क्षेपणास्त्रांचे चार मोठे डबे, आणि हे सगळं सांभाळायला माणसं तीसेक. जिने अरुंद आणि उभे आहेत, तेव्हा आजींना सावकाश उतरवा.

‘हिनेच कराची पेटवली’ असं तिथे कुणी ना कुणी सांगतंच. तसं नाही. चपल नौदलात आली 1976 मध्ये. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’, म्हणजे चपलच्या थोरल्या बहिणी. मुलांना हे नीट सांगायलाच हवं, कारण खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. या नौका रशियातून आल्या तेव्हा कोलकात्याला उतरवाव्या लागल्या आणि तिथून दोरखंडाने ओढत मुंबईला आणल्या गेल्या. पल्ला लहान असलेल्या या नौका युद्धातही ओढूनच शत्रूच्या जवळ न्यायच्या, ही युक्ती त्यातूनच सुचली. प्रशिक्षण रशियात झालेलं, म्हणून रेडिओवर आपले नौसैनिक रशियन बोलत. ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून! 4 डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो तो याच हल्ल्याच्या आठवणीसाठी.

चपलच्या जोडीला आता ‘टुपोलेव्ह 142’ हे पाणबुड्या शोधणारं विमानही आहे. 29 वर्षं सेवा करून ही विमानं 2017 मध्ये निवृत्त झाली. हे तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून सुटं करून रस्त्याने आणलं आणि इथे पुन्हा जोडलं. लांबी त्रेपन्न मीटर. म्हणजे इथे विमानच युद्धनौकेपेक्षा लांब!

‘कधीतरी जाऊ’ म्हणून हे पुढे मात्र ढकलू नका. मुंबईत जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली होती, तेव्हा अनेकांनी असंच म्हटलं. 2012 मध्ये ती बंद झाली, 2014 मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागात तिची तोडणी सुरू झाली, आणि तिचं काही पोलाद बजाजच्या मोटरसायकलींत गेलं.

आणि जाताना वाट शिवमोग्ग्याची धरा. त्या जिल्ह्यातल्या नगर गावी 2018 मध्ये एका जुन्या विहिरीतून टिपूच्या काळातले हजारावर लोखंडी अग्निबाण निघाले. म्हैसूरच्या असल्याच बाणांवरून इंग्रजांनी पुढे आपले काँग्रीव्ह रॉकेट घडवले. शिवमोग्ग्याच्या सरकारी संग्रहालयात ते बाण मुलांना आधी दाखवा, क्षेपणास्त्रांचे डबे मग.