विश्लेषण : ‘स्पायडर-मॅन’च्या न्यूयॉर्कमध्ये इतके धुके का होते? सीडीवरचा तो खेळ आज विकत का मिळत नाही?

उंच इमारतीच्या गच्चीवर उभा स्पायडर-मॅन, खाली हिरवट-पिवळ्या धुक्यात बुडालेले न्यूयॉर्क आणि उडी चुकली की त्याच धुक्यात खेळ खल्लास. २००० मध्ये सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर आलेला ‘स्पायडर-मॅन’ ज्यांनी खेळला, त्यांना हे चित्र आजही आठवते. त्याला आता पाव शतक उलटले. मधल्या काळात याच नायकाचे कितीतरी मोठे आणि देखणे खेळ आले. तरीही त्या पिढीच्या गप्पांत विषय निघतो तो याच खेळाचा. मात्र तो पुन्हा खेळावासा वाटला, तर आज अधिकृत डिजिटल दुकानात मिळत नाही. त्या धुक्यामागे काय दडले होते आणि हा खेळ बाजारातून नाहीसा का झाला, याविषयी...

हा खेळ नेमका कोणता?

अमेरिकेतील नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओने तो बनवला आणि ॲक्टिव्हिजनने प्रकाशित केला. नेव्हरसॉफ्टचे नाव त्याआधी गाजले होते ते १९९९ च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ या स्केटबोर्डच्या खेळामुळे. ‘स्पायडर-मॅन’ त्याच खेळाच्या इंजिनवर उभा राहिला. इंजिन म्हणजे चित्र रेखाटणे, हालचाल, धडक, कॅमेरा हे सगळे सांभाळणारी पायाभूत प्रणाली. स्केटबोर्डवरून उसळणाऱ्या खेळाडूसाठी लिहिलेली ही प्रणाली जाळ्यावरून झोके घेणाऱ्या नायकालाही चालली. या नात्याची गंमत म्हणजे ‘टोनी हॉक’च्या दुसऱ्या भागात स्पायडर-मॅन चक्क स्केटबोर्डवर अवतरला.

कथा कॉमिक्सच्या थाटाची होती. सुधारल्याचा दावा करणारा डॉक्टर ऑक्टोपस आपला नवा शोध जगासमोर मांडतो आणि स्पायडर-मॅनच्या वेशातील तोतया तो पळवतो. खरा नायक गुन्हेगार ठरतो. पोलीस पाठीशी, समोर स्कॉर्पियन, ऱ्हायनो, व्हेनम, मिस्टेरिओ आणि शेवटी कार्नेज. निवेदकाचा आवाज खुद्द स्पायडर-मॅनचे सहनिर्माते स्टॅन ली यांचा होता.

सीडीमुळे काय बदलले?

प्लेस्टेशनचा जन्मच सीडीवरून झालेल्या फाटाफुटीतून झाला. निन्टेन्डोच्या कन्सोलला सीडी जोडण्याचा प्रकल्प सोनी करत होती. १९९१ मध्ये शिकागोतील इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि लगेच निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जाणार असल्याचे जाहीर केले. दुखावलेल्या सोनीने केन कुतारागी यांच्या पुढाकाराने स्वतःचेच कन्सोल बनवले. ते ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आले आणि पुढे १० कोटींहून अधिक विकले गेले.

निन्टेन्डो ६४ या स्पर्धक कन्सोलच्या सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्ये ६४ एमबी माहिती मावत असे, तर सीडीत सुमारे ६५० एमबी. शिवाय सीडी छापण्याचा खर्चही कार्ट्रिजच्या तुलनेत किरकोळ. याचा फरक याच खेळात दिसतो. प्लेस्टेशनवर कथेचे प्रसंग चित्रफितीसारखे दिसतात. निन्टेन्डो ६४ च्या आवृत्तीत जागेअभावी त्यांच्याऐवजी कॉमिक्ससारखी स्थिर चित्रे आली. खेळ तोच, पण ‘सिनेमा बघतोय’ ही भावना सीडीवाल्यांच्या वाट्याला आली.

मग अडचण कुठे होती?

सीडी म्हणजे मोठे गोदाम. पण यंत्राचे स्वयंपाकघर फारच लहान होते. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी आणि चित्रांसाठीची वेगळी मेमरी १ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही अनेकदा याहून मोठा असतो. प्रोसेसरचा वेग ३३.८ मेगाहर्ट्झ. सीडी वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० केबी, म्हणजे ती २ एमबी मेमरी एकदा पूर्ण भरायची तर जवळपास सात सेकंद. ‘लोडिंग’ची ती पाटी यामुळेच वाट्याला येई आणि खेळाचे छोटे छोटे टप्पे करण्यामागेही हेच गणित होते.

दुसरी अडचण चित्राची. अभियांत्रिकीला ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ शिकलेल्यांना ‘झेड-बफर’ आठवत असेल. पडद्यावरील प्रत्येक बिंदूपाशी कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, याची नोंद म्हणजे झेड-बफर. ती सोय या यंत्रात नव्हती. वस्तू कोणत्या क्रमाने रेखाटायच्या हे प्रोग्रामरलाच लावून द्यावे लागे. गणितही पूर्णांकांत चाले. त्यामुळे कॅमेरा हलला की वस्तूंच्या कडा थरथरायच्या. त्या काळच्या अनेक खेळांतली थरथर येते ती इथून.

अशा यंत्रावर न्यूयॉर्क उभे करायचे होते. नायक गच्चीवर, म्हणजे नजर लांबवर जाणार. जितके लांबचे दाखवायचे तितके त्रिकोण जास्त आणि तितका यंत्रावर भार. लांबचे गाळले तर इमारती डोळ्यांदेखत हवेतून उगवणार.

धुके कथेत कसे शिरले?

लांबचे चित्र धुक्याने झाकणे हा तेव्हाचा रुळलेला उपाय होता. नेव्हरसॉफ्टने त्याला कथेत जागा दिली. डॉक्टर ऑक्टोपस आणि कार्नेज यांचा कट असा, की शहरावर विषारी धुके सोडायचे आणि माणसांना परग्रहावरील ‘सिम्बायोट’ जीवांसाठी तयार करायचे. या एका कल्पनेने रस्ता, गाड्या, पादचारी, सिग्नल, झाडे हे काही बनवण्याची गरजच उरली नाही. सगळे धुक्याखाली गेले. शहर म्हणजे फक्त गच्च्या आणि त्यांच्या मधल्या पोकळ्या.

जाळ्याचा धागा नेमका कशाला चिकटतो, हेही खेळात दिसत नसे. डोक्यावर इमारत नसली तरी धागा वर जाई आणि झोका मिळे. लहानपणी कुणाला ते खटकले नाही. इमारतीलाच धागा चिकटण्याची पद्धत लोकांना भावली ती २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये. तेव्हा प्लेस्टेशन २ आले होते. त्याची मुख्य मेमरी ३२ एमबी, म्हणजे सोळापट.

धुक्याची सबब सगळ्यांनाच चालली का?

नाही. १९९९ मध्ये निन्टेन्डो ६४ वर सुपरमॅनचा खेळ आला होता. त्यातही शहर धुक्याने झाकलेले होते आणि त्यालाही कथेत कारण दिले होते : लेक्स ल्युथरने बनवलेले आभासी मेट्रोपोलिस आणि त्यातले क्रिप्टोनाइटचे धुके. हा खेळ आजही सर्वांत वाईट खेळांच्या याद्यांत हमखास असतो. त्यात हाताळणीचा बोजवारा होता, एकामागून एक कड्यांतून उडण्याचा कंटाळा होता. पण धुक्यापुरते बोलायचे तर फरक वेगळाच दिसतो. सुपरमॅनची ताकद म्हणजे दूरवर उडणे आणि दूरवर पाहणे. धुक्याने नेमकी तीच हिरावली. स्पायडर-मॅनचे काम गच्चीवरून गच्चीवर जाण्याचे. खाली काही दिसत नाही, यामुळे त्याची उंची अधिकच अंगावर येते. त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आलेल्या ‘सायलेंट हिल’ या भयखेळातही लांबचे चित्र धुक्यानेच झाकले होते आणि भीती वाढली ती त्या धुक्यामुळेच. सबब तिन्ही ठिकाणी एकच. जिथे ती नायकाच्या स्वभावाशी जुळली, तिथे तिचा खेळ झाला.

लोकांना नेमके काय आठवते?

जाळ्याची काडतुसे संपण्याची धास्ती आठवते. छतावर उलटे सरपटत जाऊन गुंडाला वरून गाठणे आठवते. शेवटचा पाठलाग तर हटकून आठवतो : कार्नेजच्या सिम्बायोटने ग्रासलेला अक्राळविक्राळ ऑक्टोपस मागे, हातात शक्ती काहीच नाही, फक्त पळायचे. पोशाखांचा साठा हेही मोठे आकर्षण. काळा सिम्बायोट पोशाख, २०९९ सालचा पोशाख आणि डोक्यावर कागदी पिशवी घातलेला ‘बॅगमॅन’सुद्धा. काही पोशाखांना खास ताकद होती. नवे पोशाख मिळवण्याची ही हौस नंतरच्या स्पायडर-मॅन खेळांतही टिकली.

महाराष्ट्रातील अनेकांची या खेळाशी गाठ प्लेस्टेशनवर पडलीच नाही. ती पडली २००१ मध्ये आलेल्या पीसी आवृत्तीमुळे, घरातल्या किंवा शेजारच्या असेम्बल केलेल्या कॉम्प्युटरवर. प्रस्तुत लेखकाने तो २००५ च्या सुमारास मावसभावाच्या पीसीवर, कीबोर्डची चार बटणे झिजवत खेळला. सीडीवर कंपनीचे छापील चित्र नव्हते, मार्करने ‘स्पायडरमॅन’ लिहिलेले होते. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

मग आज तो विकत का मिळत नाही?

कारण त्याची मालकी तीन घरांत वाटली गेली आहे. नायक मार्व्हलचा आणि मार्व्हल २००९ पासून डिस्नीकडे. खेळाचे प्रकाशन ॲक्टिव्हिजनचे आणि ॲक्टिव्हिजन ऑक्टोबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टकडे. ज्या कन्सोलसाठी तो बनला ते सोनीचे आणि आजचे स्पायडर-मॅन खेळ प्रकाशित करणारीही सोनीच. ज्यांनी प्रत्यक्ष कोड लिहिला तो नेव्हरसॉफ्ट स्टुडिओ २०१४ मध्ये ॲक्टिव्हिजनच्याच दुसऱ्या स्टुडिओत विलीन झाला.

परवानाधारक खेळांचे असेच असते. नायक काही वर्षांसाठी ‘भाड्याने’ मिळतो. करार संपला की प्रकाशकाला तो खेळ विकता येत नाही, मग मागणी कितीही असो. पुन्हा विकायचा तर नवा करार हवा. हे अशक्य नाही. कॅपकॉमने मार्व्हलच्या नायकांचे आपले जुने लढतीचे खेळ सप्टेंबर २०२४ मध्ये एकत्र करून पुन्हा बाजारात आणले. पण तिथे प्रकाशक आजही तोच आहे.

घरात जुनी सीडी असेल तर?

तीही कायमची नाही. सीडीत माहिती वाचली जाते ती ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरामुळे. त्याला हवा-दमट लागली की तो खराब होतो. वरच्या छापील बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरू शकतो, कारण तो थर वरच्या बाजूलाच असतो. यंत्रही थकते. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेसरचा भाग प्लॅस्टिकच्या पट्टीवर सरकत असे. ती झिजली की सीडी वाचली जात नसे, म्हणून लोक कन्सोल चक्क उलटे ठेवून खेळत. मावसभावाची ती मार्करवाली सीडीही अलीकडे ड्राइव्हमध्ये नुसतीच फिरत राहिली.

कायदा काय सांगतो?

भारताच्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून तात्पुरती बॅकअप प्रत काढता येते. अट ‘कायदेशीररीत्या’ ही आहे. मार्करने नाव लिहिलेल्या सीडीला हे संरक्षण नाही. आपल्याकडे हा खेळ ज्या मार्गाने अनेक घरांत पोहोचला, तो मार्ग बेकायदा होता, हे मान्य करावे लागते.

जुने कन्सोल सॉफ्टवेअरच्या रूपात उभे करणाऱ्या ‘एम्युलेटर’चा प्रश्न वेगळा आहे. सोनीने कनेक्टिक्स या कंपनीच्या प्लेस्टेशन एम्युलेटरविरुद्ध अमेरिकेत दावा लावला होता. २००० मध्येच, म्हणजे हा खेळ आला त्याच वर्षी, तिथल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. सोनीने नंतर ते उत्पादनच विकत घेऊन बंद केले. थोडक्यात, यंत्राची नक्कल करणे आणि खेळाची नकली प्रत वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटवरून खेळ उतरवून घेणे दुसऱ्या प्रकारात मोडते.

पुढे काय?

हा प्रश्न एका खेळापुरता नाही. व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी जतन केलेले असे खेळ अभ्यासकांना दुरूनही वापरता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. जुना चित्रपट संग्रहालयात, जुने पुस्तक ग्रंथालयात सापडू शकते. खेळासाठी प्रत, यंत्र आणि परवानगी अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात.

पंचवीस वर्षांपूर्वी २ एमबी मेमरीची भिंत समोर होती. काही अभियंत्यांनी तिच्यावर धुके सोडले आणि मुलांना त्यात न्यूयॉर्क दिसले. आजची भिंत करारांच्या कागदांची आहे. ती ओलांडायला तीन कंपन्यांच्या सह्या पुरेशा आहेत. तोवर ज्यांच्याकडे अस्सल सीडी आहे त्यांनी ती कडेने धरावी, कव्हरमध्ये उभी ठेवावी, दमट कपाटापासून लांब ठेवावी आणि ती वाचली जाते आहे तोवर कायद्याने दिलेली एक बॅकअप प्रत काढून घ्यावी.