मेसेज ‘सीन’ झाला होता..

रवांडात काय होणार हे तीन महिने आधीच कळवलं होतं. मग कुणी थांबवलं का नाही?

११ जानेवारी १९९४. रवांडातल्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ डॅलेअर न्यू यॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, तातडीचा फॅक्स पाठवतात. आतल्या गोटातल्या एकाने त्यांना सांगितलंय की शस्त्रं लपवून ठेवलीत. तुत्सी लोकांच्या याद्या बनतायत, बहुधा त्यांना संपवण्यासाठी. ३६ तासांत छापा घालायची त्यांची तयारी आहे.

रिप्लाय आला: छापा नको, आपल्याला तेवढे अधिकार नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घाला. आता गंमत बघा, शस्त्रं जमवणाऱ्या टोळ्या राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाच्या होत्या!

एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसं गेली, बहुतेक तुत्सी. रेडिओवरून त्यांना ‘झुरळं’ म्हटलं जात होतं. आणि सुरक्षा परिषदेने? शांतिसेना वाढवायची सोडून २७० जणांवर आणायचं ठरवलं. वंशसंहार रोखण्याचं वचन देणारा १९४८ चा करार होता, म्हणून अमेरिकेचे अधिकारी तो शब्दच तोंडातून काढायला तयार नव्हते.

छाप्याला नकार देणाऱ्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख होते कोफी अन्नान. पुढे तेच सरचिटणीस झाले आणि २००४ मध्ये त्यांनी वंशसंहार रोखण्यासाठी खास सल्लागाराचं पद निर्माण केलं. म्हणजे धोक्याचे इशारे ऐकणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम झालं. अमेरिकेने २०१२ मध्ये त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचं मंडळ नेमलं. २०१९ च्या कायद्याने तर अशा देशांत जाणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्यांना ही लक्षणं ओळखायचं ट्रेनिंग देणं आलं.

मग प्रश्न सुटला? नाही ना. २०१७ मध्ये म्यानमारमधून ७ लाखांहून जास्त रोहिंग्या जीव मुठीत धरून पळाले. इशारा ऐकणारा माणूस नेमता येतो, पण पाऊल उचलायचं की नाही हे शेवटी राजकारणच ठरवतं. सुरक्षा परिषदेत तर एक व्हेटो पुरतो.

आणि आपल्याकडे? भारताने तो करार १९५९ मध्ये मंजूर केला, पण त्यासाठी वेगळा कायदा अजून नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका खटल्यात २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली.

कायदा होईल तेव्हा होईल. पण याद्या, अफवा, एखाद्या अख्ख्या समाजाला ‘झुरळं’ म्हणणारे जोक, हे इशारे सगळ्यात आधी आपल्याच ग्रुपवर येतात. तिथे सल्लागार नसतो, आपण असतो. सीन करून गप्प बसायचं का, तेवढं ठरवा.