रेडिओ जुनाच, गाणी फोनमधली

जुनी फियाट किंवा अँबॅसिडर मेहनतीने उभी करणारी माणसं रेडिओपाशी आली की घाई करतात. इंजिनाच्या एकेका सुट्या भागासाठी महिनोन्महिने थांबणारा मालक डॅशबोर्डमधला काट्याचा रेडिओ मात्र एका दुपारी काढून टाकतो, कारण ‘यात फोनवरची गाणी लागणारच नाहीत’ असं त्याला कुणीतरी ठामपणे सांगितलेलं असतं. हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि सगळ्यात महागातला. आजच्या स्टीरिओला साधारण 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच चौकोन लागतो. जुन्या रेडिओचं भागायचं दोन नॉबची भोकं आणि मधली काचेची पट्टी एवढ्यात. म्हणजे पत्रा कापणं आलं. कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही. तसाच डॅशबोर्ड मिळवायला चोरबाजार पालथा घालावा लागतो.

खरं तर रेडिओ एका डब्यात दोन कामं करतो. पहिला भाग हवेतून स्टेशन पकडून त्यातला आवाज सुटा करतो. दुसरा भाग तो आवाज मोठा करून स्पीकरला देतो. फोनला फक्त हा दुसरा भाग हवा असतो, आणि दोन्हींच्या वेशीवर व्हॉल्यूमचा कंट्रोल बसलेला असतो. रेडिओ उघडून त्या कंट्रोलच्या मागे पाहा. चालू-बंदच्या स्विचच्या वायरी सोडल्या, तर बहुतेकांना तीन पाय दिसतील. एकावर स्टेशनचा आवाज येतो, मधल्यावरून तो पुढे जातो, तिसरा बॉडीला जोडलेला असतो. आवाज येणाऱ्या पायाची वायर सोडवून एका छोट्या स्विचवर घ्यायची. स्विच इकडे केला की आकाशवाणी, तिकडे केला की फोन किंवा ब्लूटूथचं छोटं बोर्ड. रेडिओतला डीसी फोनपर्यंत पोचू नये म्हणून वाटेत एक कपॅसिटर टाकायचा. स्विच डॅशबोर्डखाली किंवा सामानाच्या कप्प्यात लपतो, वरून काही दिसत नाही. उद्या नको वाटलं तर ती एक वायर पुन्हा जागेवर सोल्डर केली की रेडिओ होता तसा.

‘एवढं उघडायचं कशाला, सिगारेट लायटरमध्ये एफएम ट्रान्समीटर खोचला की झालं,’ असं सांगणारे बरेच भेटतात. तो ट्रान्समीटर 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. आपल्याकडे एफएम 1977 मध्ये मद्रासला सुरू झालं आणि खासगी स्टेशनं आली 2001 मध्ये. त्यामुळे आपल्या जुन्या गाड्यांमधले बहुतेक रेडिओ फक्त मीडियम वेव्हचे, फार तर जोडीला शॉर्ट वेव्ह. त्यांना हा ट्रान्समीटर ऐकूच येत नाही.

‘जुन्या रेडिओतून गाणं घुसमटलेलंच येणार,’ हेही पूर्ण खरं नाही. मीडियम वेव्हची स्टेशनं आपल्याकडे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. शेजारचं स्टेशन आत घुसू नये म्हणून रेडिओ वरचे सूर छाटतो. ही छाटणी पहिल्या भागात होते. फोनचा आवाज तिच्या पुढून आत शिरत असल्याने तो बराच मोकळा येतो. कागदी कोनच्या स्पीकरची मर्यादा राहते, पण पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांना ती शोभते असं माझं मत आहे. ती बहुतेक मोनोच ध्वनिमुद्रित झालेली आहेत, त्यामुळे एकाच स्पीकरमध्ये त्यांचं काही हरवत नाही. नवी स्टीरिओ गाणी ऐकायची असतील तर डावी-उजवी वायर थेट एकत्र पिळू नका. दोन्हींत सुमारे एक किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडा.

आता खरा धोका. ‘गाडी बारा व्होल्टची आहे ना, मग चार्जर लावा,’ हे वाक्य आग लावू शकतं. फियाटमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला असतो. पण मॉरिस, ऑस्टिनसारख्या 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो. अशा गाडीत रेडिओला जोडलेल्या ऑडिओ वायरची बाहेरची जाळी प्लसवर येते, तर चार्जरमधून फोनची अर्थ मायनसवर. दोन्ही वायरी एकाच फोनला लावल्या की बॅटरीची दोन टोकं त्या बारीक वायरीतून भिडतात. म्हणून आधी बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा. प्लस असेल तर इनपुट आणि आउटपुट आतून पूर्ण अलग ठेवणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर वापरा, नाहीतर गाणी चालू असताना फोन चार्जिंगला लावू नका. त्या कन्व्हर्टरचा दुसरा फायदा असा, की ब्लूटूथ बोर्डाची किणकिण आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बरीच कमी होते.

स्पीकर ‘दमदार’ घेतला की आवाज वाढतो, हीसुद्धा समजूतच. मूळ स्पीकरपेक्षा कमी ओहमचा लावला तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर तापून जातो. स्पीकर काढून रेडिओ चालवून पाहणंही टाळा. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर आत 200 व्होल्टच्या आसपास दाब असतो, तो व्हॉल्व्हचं काम जाणणाऱ्यानेच उघडावा.

‘ब्लूटूथ घातलं की गाडी व्हिंटेज राहत नाही,’ ही भीती अनेकांना अडवते. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी 50 वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी, आणि मोठा फेरफार म्हणून चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. रेडिओच्या पोटातली एक वायर त्यात बसत नाही. उलट मूळ रेडिओ काढून पत्रा कापला, तर तोच बदल गाडी पाहणाऱ्याच्या नजरेत आधी भरतो.

मिस्त्रीकडे जाताना इतकंच सांगा: कुठलीही वायर तोडायची नाही, सोल्डर वितळवूनच सोडवायची, काम सुरू करण्याआधी आतला फोटो घ्यायचा, आणि वर्षानुवर्षं बंद असलेल्या रेडिओचे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासल्याशिवाय त्याला बॅटरी जोडायची नाही.