वर्धा जिल्ह्यातील भूकवचाची रचना : भूकंपीय व भूभौतिकीय अभ्यासपद्धतींचा परिचय

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापलेला आहे. पृष्ठभागावर सर्वत्र काळी मृदा दिसत असल्याने भूगर्भही एकसारखा असावा, असा समज होतो. परंतु वर्धा नदीच्या खालच्या खोऱ्यात, वणी व चंद्रपूर परिसरात, कोळसायुक्त गोंडवाना खडक आढळतात आणि वायव्येकडे ते बेसाल्टखाली जातात. हे झाकलेले थर कसे ओळखावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभ्यासपद्धती :
भूकंप लहरींचा वेग खडकाच्या प्रकारानुसार बदलतो. प्राथमिक लहरींचा वेग भूकवचाच्या वरच्या भागात सेकंदाला सुमारे ६ कि.मी., तर मोहो विलगतेखाली प्रावरणात सुमारे ८ कि.मी. असतो. दूरच्या भूकंपाच्या प्राथमिक लहरींचा काही अंश या विलगतेवर दुय्यम लहरींत रूपांतरित होऊन किंचित उशिरा पोहोचतो. या विलंबावरून भूकवचाची जाडी काढता येते.

उथळ थरांसाठी स्फोटजन्य लहरींच्या अपवर्तनाची पद्धत वापरतात. मात्र खोलीनुसार वेग वाढत असेल तरच ती थर अचूक दाखवते. येथे वेगवान बेसाल्टखाली मंदवेगी वालुकाश्म असल्यास तो थर या पद्धतीस दिसत नाही. अशा वेळी गुरुत्वीय मापन उपयोगी पडते, कारण वालुकाश्माची घनता बेसाल्टपेक्षा कमी असते. परंतु समान गुरुत्वीय घट भिन्न रचनांमुळेही संभवते. म्हणून विद्युतवाहकतेच्या मापनाची जोड आवश्यक ठरते.

अभ्यासाचे महत्त्व :
३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतरच्या वेधनात तेथे सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट व त्याखाली, गाळाच्या पातळ थरानंतर, प्राचीन स्फटिकमय खडक आढळला. २२ मे १९९७ च्या जबलपूर भूकंपाचे नाभीकेंद्र तर सुमारे ३५ कि.मी. खोल, भूकवचाच्या तळाजवळ होते. पृष्ठभागाच्या स्थैर्यावरून भूगर्भाचा अंदाज बांधणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :
कोणतीही एक पद्धत पुरेशी नाही. परस्परांच्या मर्यादा भरून काढणाऱ्या पद्धतींच्या समन्वयातूनच विश्वासार्ह चित्र मिळते. बेसाल्ट कोठे संपतो याची प्रत्यक्ष नोंद खोल विंधन विहिरींतून मिळू शकते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व भूशास्त्र विभागांनी अशा नोंदी संकलित केल्यास भूभौतिकीय निष्कर्षांची पडताळणी करणे सुलभ होईल.