लांबच लांब फलाटाचा फोटो

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकावरच्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे लोकार्पण मार्च २०२३मध्ये झाले. तो जगातला सर्वांत लांब फलाट. त्याचा पॅनोरामा घ्यायला बरेचजण मोबाइल धरून चालत सुटतात. फोटोत खांब दोनदा उमटतो, बाकाला तीनच पाय येतात.

पॅनोरामा म्हणजे फोटो कडेला कड लावून चिकटवणे, असा समज आहे. प्रत्यक्षात शेजारच्या दोन फोटोंत साधारण तिसरा हिस्सा सामाईक लागतो. चौकडीच्या शर्टाला खिसा लावताना शिंपी रेघेवर रेघ बसवतो, तसे सॉफ्टवेअर या हिश्श्यातल्या खुणा (पाटीवरची अक्षरे, छताचे कोपरे) जुळवते, फोटो किंचित ताणते-वाकवते आणि उजेडातला फरक मिटवून सांधा लपवते.

चालल्यावर पराशय (जागा बदलली की जवळची वस्तू मागच्या दृश्यावर सरकलेली दिसणे) आड येतो. डोळ्यांसमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट उडी मारते. खांबही तशीच मारतो, मग रेघ जुळणार कुठली? म्हणून एका जागी उभे राहून, मोबाइल अंगाजवळ धरून, फक्त वळावे. गाडी सुटत असेल तर जरा थांबावे; हलता डबा दोन फोटोंत दोन जागी असतो.